सोमवारचा टेंपो

चनबसप्पांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नव्हती, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत समोरच्याला सांगत. साधी छत्री घ्यायला त्यांना दोन पावसाळे लागले. पहिल्या पावसाळ्यात दांडा लाकडी घ्यावा की लोखंडी, हे ठरेना. दुसऱ्या पावसाळ्यात ठरलं, पण ते साल बहात्तरचं. सोलापुरात पाऊसच पडला नाही.

"बघा," चनबसप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "घेतली असती तर वाया गेली असती की नाही?"

बाळीवेशीत त्यांचं पेंडीचं दुकान होतं. शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड, म्हशींचं सगळं खाणंपिणं तिथे मिळायचं. माल पोचवायला बैलगाडी. बैल दोन, बसव्या आणि नंद्या. गाडीवान कुंडलिक, बैलांपेक्षा थोडा हळू चालणारा. आठवड्यातले सहा दिवस गाडी होटगीपर्यंत जाऊन यायची. सोमवारी नाही. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सोमवारी बसव्या आणि नंद्या गोठ्यात रवंथ करत बसत, आणि चनबसप्पांच्या आई रत्नम्मा, म्हणजे अव्वा, त्यांना स्वतःच्या हाताने गूळ भरवत.

अशा घरात टेंपोचा विषय निघाला तो समोरच्या रुद्रप्पांमुळे. रुद्रप्पांचंही पेंडीचंच दुकान, अगदी समोरासमोर, मध्ये फक्त बोळ. दोघे नात्याने लांबचे चुलतभाऊ, शाळेत एका बाकावर बसलेले, आणि तेव्हापासून एकमेकांच्या पाटीत डोकावायची दोघांनाही सवय. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी रुद्रप्पा कोट घालून सात रस्ता चौकाकडे निघालेले दिसले. टेंपोच्या एजन्सीत नंबर लावायला निघालेत हे कळताच चनबसप्पा तसेच, पायात दोन वेगळ्या वहाणा घालून धावले आणि त्यांच्या आधी रांगेत उभे राहिले. चनबसप्पांचा नंबर सतरा. रुद्रप्पांचा अठरा.

"घेतोय कुठं," घरी आल्यावर ते बायकोला, सावित्रम्माला, म्हणाले, "नुसता नंबर लावलाय."

त्या काळी वाहन म्हणजे दुकानात गेलं आणि घेऊन आलं असं नव्हतं. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. चनबसप्पाही विसरले होते. आणि पंचाहत्तर सालच्या दिवाळीच्या आधी, एका बुधवारी, पत्र आलं. आपला नंबर आला आहे. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत गाडी ताब्यात घ्यावी. न घेतल्यास ती पुढच्या नंबराला देण्यात येईल आणि आपला नंबर येऊ घातलेल्या नव्या मॉडेलसाठी राखून ठेवू.

नेमक्या त्याच दिवशी होटगीच्या दूध सोसायटीचे चेअरमन कोंडीबा दुकानात टेकले होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "चनबसप्पा, आमचं दूध रेल्वेनं येतंय, आन्‌ रेल्वे येती तिच्या मनानं. परवा दोन कॅन नासले. आता दिवाळीच्या पाडव्यापासनं जो कोन रोज सकाळी आठाच्या आत आमचं दूध सोलापुरात पोचवंल, त्याच्याकडनंच सोसायटी सगळी पेंड घेनार. तुमी न्हाय तर रुद्रप्पा. आमाला दोगं बी सारखंच."

सोसायटी म्हणजे चनबसप्पांचं निम्मं दुकान. ती गेली तर उरलेल्या निम्म्यात बसून समोर रुद्रप्पांकडे पोती उतरताना बघत राहायचं. म्हणजे टेंपो घेणं भाग होतं. दुसरा एखादा माणूस तिथेच उठून पैसे भरायला गेला असता. पण चनबसप्पा विचार करू लागले, आणि विचारात भर घालायला गुरुवारी अक्कलकोटहून सिद्धाराम आला.

सिद्धाराम हा त्यांचा मेहुणा. एस.टी.च्या डेपोत तिकिटांचे गठ्ठे मोजून कपाटात ठेवायचं त्याचं काम, त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री होती.

"दाजी, थांबा," तो पत्र वाचून म्हणाला. "हा तीनचाकी आहे. पुढे एक चाक, मागे दोन. नवीन येतोय तो चारचाकी. दोन्ही बाजूंना दारं. आत ड्रायव्हरला पंखा."

"कोण म्हणतं?"

"पुण्याहून आलेल्या ड्रायव्हरनं स्वतः बघितलाय."

"नीट बघितलाय?"

"ताडपत्रीनं झाकलेला होता. पण बघितलाय."

झालं. चनबसप्पांची झोप गेली. तीनचाकी घेतला, तर नवा चारचाकी रुद्रप्पांना मिळणार आणि तो जन्मभर आपल्या दारासमोर उभा राहणार, आतल्या पंख्यासकट. नव्याची वाट बघितली, तर हा तीनचाकी रुद्रप्पांना मिळणार आणि पाडव्यापासून सोसायटी त्यांची. इकडून तिकडून रुद्रप्पांचंच भलं.

शुक्रवारी त्यांनी पार्क चौकात उभं राहून येणारेजाणारे तीनचाकी टेंपो मोजले. वळणावर किती कलतात ते हाताने हवेत करून बघितलं. दोन ड्रायव्हरांना थांबवून मुलाखती घेतल्या. एक म्हणाला गाडी सोन्यासारखी आहे, दुसरा म्हणाला माझी घेता का. शनिवारी त्यांनी वहीचं पान मधोमध दुमडलं, एका बाजूला 'आत्ता' आणि दुसऱ्या बाजूला 'नंतर' असं लिहिलं, आणि दोन्हीकडे सारखेच मुद्दे झाले म्हणून पान फाडून दुसरं घेतलं.

सावित्रम्मा भाकरी थापता थापता हे बघत होती. "घ्या की आहे तो. पाडवा काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"तुला नाही कळायचं. मोठी खरेदी आहे."

"मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत होकार कळवलात. ती काय छोटी होती?"

"तो होकार आमच्या आप्पांनी कळवला. मी विचारच करत होतो."

"अजून चालू आहे का?" असं विचारून सावित्रम्माने भाकरी जरा जास्तच जोरात तव्यावर टाकली.

शेवटी चनबसप्पांना एक युक्ती सुचली. रुद्रप्पांच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं. ते बोळ ओलांडून त्यांच्या गादीवर जाऊन बसले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "रुद्रण्णा, मी काही हा टेंपो घेत नाही बघ. नवा येईल तेव्हा बघू."

रुद्रप्पांनी सुपारी कातरत एक डोळा बारीक केला. "बरं झालं सांगितलंस. मी तर टेंपोचा नादच सोडलाय. बैल काय वाईट आहेत?"

दोघांनी एकमेकांना सुपारी दिली आणि दोघांनाही कळलं की समोरचा खोटं बोलतोय.

रविवारी दुपारी चनबसप्पा ओट्यावर आले आणि जागच्या जागी थिजले. रुद्रप्पांच्या घराच्या बाजूच्या भिंतीला गवंडी भगदाड पाडत होता. चांगलं मोठं, सहज टेंपो आत जाईल एवढं. चनबसप्पांनी गवंड्याला हाक मारली, "कशाला पाडताय रे भिंत?"

"मालक म्हनले पाडा," गवंडी म्हणाला आणि पाडत राहिला.

बैलच बरे म्हणणारा माणूस टेंपोला जागा करत होता! चनबसप्पांचा निर्णय तिथेच झाला. सोमवारी सकाळी पूजा आटोपून, पैशाची पिशवी काखेत मारून आणि कुंडलिकला बरोबर घेऊन ते निघाले. कुंडलिकने नंबर लावला तेव्हाच ड्रायव्हिंग शिकून परवाना काढून ठेवला होता, आणि तीन वर्षं तो खिशात घेऊन बैल हाकत होता.

उंबऱ्याजवळ अव्वा बसल्या होत्या. अव्वांचे गुडघे गेले होते. दहा वर्षांत त्या बोळाबाहेर पडल्या त्या फक्त सिद्धेश्वराच्या देवळात जायला, तेही टांग्यातून, डोळे मिटून जप करत.

"कुठं निघालास यप्पा?"

"टेंपो आणायला, अव्वा."

"ते काय असतंय?"

"गाडी असते. आता बसव्या-नंद्याच्या जागी तीच माल ओढणार."

"बैलांच्या जागी?"

"हो, बैलांच्या जागी."

अव्वांनी माळ ओढायची थांबवली. "मग आज ब्याड. आज नको."

"अव्वा, आजच आणायला पाहिजे. पाचपर्यंत मुदत आहे. नाही तर रुद्रप्पा घेईल."

"बैलाच्या जागी आला तो बैलच की. आज सोमवार. पहिल्याच दिवशी त्याला राबवत आणणार? तुझ्या आज्ज्यानं दुष्काळात सुद्धा सोमवारी गाडी जुंपली नव्हती."

बाळीवेशीत चनबसप्पा कुणाशीही वाद घालत, भाजीवाल्याशी, वीरभद्राच्या पुजाऱ्याशी, सोसायटीच्या चेअरमनशीही. अव्वांशी नाही. ते ओट्यावर बसून घामाने भिजले. मग एकदम उठले.

"अव्वा, बैलाला जुंपायचं नाही. पण सोमवारी बैलाला हाताला धरून घरी आणलं तर?"

"हाताला धरून? आण की. बाजारातनं आणतातच की."

"म्हणजे इंजिन चालू करायचं नाही," चनबसप्पांनी कुंडलिकला सांगितलं. "ढकलत आणायचा."

कुंडलिकने खिशातला परवाना चाचपला. "आवं मालक, तीन वर्सं झाली शिकून."

"तू पुढे बसून फक्त वळव. बाकीचे ढकलतील."

बाकीचे म्हणजे चार हमाल आणि, मनुष्यबळ कमी पडू नये म्हणून, सिद्धाराम.

एजन्सीतल्या साहेबांनी पैसे घेतले, हार घातलेला निळा टेंपो बाहेर आणला आणि किल्ली पुढे केली. "चालू करून दाखवतो."

"नको," चनबसप्पा ओरडले.

साहेब दचकले. "एकदा आवाज तर ऐका."

"आज आवाज नको. चालू आहे ना? मग झालं."

"अहो, पण चालू आहे म्हणूनच चालू करायची ना?"

"उद्या. ढकला रे." आणि हमालांनी टेंपोला खांदा लावला. साहेब फाटकापर्यंत मागे धावत आले. त्यांच्या सबंध नोकरीत एवढा अपमान कुणी केला नव्हता. "चांगली गाडी आहे हो," ते रस्त्यावरच्या लोकांना सांगत होते, "चालू आहे, खरंच चालू आहे." लोक त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

सात रस्त्यावरून निघालेली वरात पार्क चौकात पोचेपर्यंत बरोबर वीस माणसं झाली. नवाकोरा टेंपो, हार, नारळ, पुढे स्टिअरिंगला धरून रडवेला कुंडलिक आणि मागे घामाघूम सिद्धाराम, हे दृश्य कोण सोडणार? चौकाच्या अलीकडे लाडलेसाब मिस्त्रींचं गॅरेज होतं. ते पाना हातात घेऊनच बाहेर आले.

"सेठ, नवीच गाडी दिसती. क्या हुआ?"

"काही नाही. चालू आहे."

"चालू है तो ढकलते कायकू?"

"आज सोमवार आहे."

लाडलेसाब विचारात पडले. पंचवीस वर्षांत त्यांनी प्लग गेलेला बघितला होता, क्लच गेलेला बघितला होता, एकदा टाकीत उंदीर निघालेलाही बघितला होता. सोमवारमुळे बंद पडलेली गाडी पहिलीच. "मैं देखूं जरा?" म्हणून त्यांनी किल्लीकडे हात नेला, तशी कुंडलिकने त्यांच्या हातावर चापट मारली.

"हात लावायचा न्हाय. सोमवार हाय."

लाडलेसाब मागे सरले. त्यांनी शेजारच्या पानवाल्याला सांगितलं की हे मॉडेल सोमवारी चालत नाही. पानवाल्याने गिऱ्हाइकांना सांगितलं की ते सोमवारी आणि अमावास्येला चालत नाही. वरात नव्या पेठेत शिरली तेव्हा बातमी तिच्या पुढे पोचली होती, आणि एका कापडदुकानाच्या दारातून कुणीतरी आपुलकीने विचारलं, "चातुर्मासात तरी चालतो का हो?"

बाळीवेशीत पोचायला दिवेलागण झाली. रुद्रप्पा ओट्यावरच उभे होते. त्यांच्या घरचाही सोमवार तोच, त्यामुळे त्यांना सगळं एका नजरेत कळलं.  ते हसले, पोट हलेपर्यंत. चनबसप्पांनी दम खात भिंतीच्या भगदाडाकडे बोट केलं. "तुझा टेंपो कधी येतोय?"

"कुठला टेंपो? ती न्हाणी बांधतोय रे मी. आईला लांब जायला नको म्हणून." आणि रुद्रप्पा पुन्हा हसले. "मी नव्याची वाट बघणार. चार चाकांचा येतोय म्हणे."

टेंपो गोठ्यात गेला, तोंड आत आणि पाठ बाहेर, बसव्या आणि नंद्याच्या शेजारी. अंधार झाला होता. अव्वा काठी टेकत दारापर्यंत आल्या, समोर दिसणाऱ्या दोन चाकांना त्यांनी हळदकुंकू लावलं आणि मागच्या फळीवर गुळाचा खडा ठेवला. तो नंद्याने खाल्ला.

मंगळवारपासून मात्र टेंपोने कमाल केली. पंधरा वर्षं जिथे पोचायला दुपार व्हायची तिथे कुंडलिक पाऊण तासात पोचू लागला. त्याची चालही बदलली. तो आता चालतानासुद्धा वळणावर हात दाखवायचा. पाडवा दोन दिवसांवर आला होता आणि सोसायटी हातात आल्यातच जमा होती. तेवढ्यात शनिवारी कोंडीबा दुकानात आले, पण बसले नाहीत.

"चनबसप्पा, रुद्रप्पा येऊन गेलं. म्हनलं, तुमचा टेंपो सोमवारी ढकलावा लागतोय."

"ढकलावा लागत नाही. आम्ही ढकलतो."

"त्यात काय फरक हाय?"

चनबसप्पांनी सगळं समजावून सांगितलं, बसवण्णापासून. कोंडीबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "देवाचं खरं हाय. पर म्हशी सोमवारी दूध द्यायचं थांबत न्हाईत की. सात दिवस येनार असाल तर बोला. न्हाय तर रुद्रप्पा म्हनतंय, मी भाड्यानं टेंपो करतो आन्‌ सातीच्या साती दिवस आनतो. परवा पाडवा. सोमवारच हाय. सकाळी आठाला तुमचा टेंपो आला तर सोसायटी तुमची."

तेव्हापासून चनबसप्पांना घास गेला नाही. एका बाजूला निम्मं दुकान, दुसऱ्या बाजूला अव्वा. वहीतलं पान फाडून त्यांनी पुन्हा मधोमध दुमडलं, पण अव्वांच्या बाजूला काय लिहायचं हे त्यांना कळेना. रविवारी दुपारी सावित्रम्मानेच विषय काढला.

"विचारा की एकदा. अव्वा काय तुम्हाला खाणार आहेत?"

"तिनं त्याच दिवशी सांगितलंय. बैलाच्या जागी आला तो बैल."

"त्यांनी तो नीट बघितलाय तरी का? तुम्ही छत्री दोन वर्षं बघता, आणि त्यांना टेंपो एकदा दाखवला नाही."

मग अव्वांना धरून गोठ्यात आणलं. कुंडलिकने टेंपो मागे घेऊन अंगणात उभा केला. चनबसप्पांनी हात जोडले आणि सोसायटी, म्हशी, सोमवार, रुद्रप्पा, सगळं एका दमात सांगितलं. अव्वा ऐकत नव्हत्या. त्या टेंपोभोवती फिरत होत्या, आणि प्रत्येक चाकापाशी थांबून त्याला काठी टोचत होत्या.

"एक," मागचं उजवं. "दोन," मागचं डावं. मग पुढे गेल्या. "तीन." मग पुन्हा मागे आल्या, वाकल्या, खाली बघितलं. "चौथा कुठाय?"

"नसतो, अव्वा. हा असाच येतो. तीन."

अव्वा सावकाश सरळ उभ्या राहिल्या. "तीन पायांचा बैल असतोय का कुठं?"

"नसतो."

"मग हा बैल न्हवं. ह्याला कसला सोमवार? चालव की."

चनबसप्पांना हसावं की रडावं कळेना. "अव्वा, अगं मग त्या दिवशी सात रस्त्यापासून ढकलत... सगळ्या गावानं..."

"तू म्हणालास बैलाच्या जागी आणायलोय. मला काय ठाऊक, तू तीन पायांचं आणायलास ते? वस्तू नीट बघितल्याशिवाय माणसानं बोलू नये बघ, यप्पा," अव्वा म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाडव्याच्या सोमवारी सकाळी पावणेआठला दुधाचे कॅन सोलापुरात उतरले. सोसायटी चनबसप्पांची झाली.

खरी मजा त्यानंतर दोन वर्षांनी आली. नवा चारचाकी टेंपो शेवटी निघाला आणि रुद्रप्पांच्या दारात हॉर्न वाजवत येऊन उभा राहिला. आत पंखा नव्हता. बाकी सगळं सिद्धारामने सांगितलं तसं होतं. रुद्रप्पांच्या आई गिरिजाबाई मोठ्या हौसेने बोळ ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "रत्नम्मा, नारळ तुमच्या हातानं फोडायचा. बोळात वडीलधाऱ्या तुम्हीच."

अव्वा गेल्या. नारळ हातात घेण्याआधी त्यांनी काठी उचलली. एक, दोन, तीन आणि चार.

"हां," त्या समाधानाने म्हणाल्या. "हा बैल."

गिरिजाबाईंनी लगेच टेंपोला हात जोडले. रुद्रप्पांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. ते आदल्याच दिवशी होटगीला जाऊन कोंडीबांना सांगून आले होते की आता चार चाकं आहेत, एका खेपेत सगळे कॅन बसतील, आठवड्याचे साती दिवस. त्या आठवड्यापासून दर सोमवारी त्यांचा चारचाकी दारात हार घालून उभा राहायचा आणि गिरिजाबाई त्याच्या बॉनेटवर गूळ ठेवायच्या. बोळातल्या मुंग्या सोमवार ओळखू लागल्या.

चनबसप्पांची मान या दिवसांत एवढी ताठ झाली की त्यांना टोपी पुढे ओढून घ्यावी लागायची. "मी सगळ्या गावाला सांगत होतो," ते म्हणायचे, "की तीनचाकीच घ्या. तेव्हाच हिशेब केला होता मी. मागचापुढचा विचार करून वस्तू घेतली की असं असतं." सिद्धारामला त्यांनी हे चार वेळा ऐकवलं, त्यातलं दोनदा जेवताना.

आणि त्या भरात त्यांनी आयुष्यातली पहिली घाईची खरेदी केली. टेंपोबरोबर स्टेपनी आलीच नव्हती. ती घ्यावी की नको, घेतली तर कुठल्या आकाराची, हा विचार दीड वर्ष चालू होता. एका शनिवारी दुपारी ते दुकानातून उठले आणि अर्ध्या तासात नवंकोरं चाक घेऊन आले. सावित्रम्माने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. चाक टेंपोच्या मागे दिमाखात लटकलं.

रविवारी अव्वा अंगणात उन्हाला बसल्या होत्या. त्यांचं लक्ष टेंपोच्या पाठीकडे गेलं. काठी उचलली गेली.

"यप्पा. हे काय?"

"स्टेपनी, अव्वा. जादा चाक. लागलं तर असावं म्हणून."

"म्हणजे चार झाले."

चनबसप्पा चाकापाशी धावले. "अव्वा, ते लटकवलेलं आहे. जमिनीला टेकत नाही."

"लंगड्या बैलाचा एक पाय टेकत न्हाय. म्हणून त्याला बैल म्हणायचं सोडतोस काय?" अव्वांनी माळ हातात घेतली. "उद्या सोमवार. ब्याड."

त्या संध्याकाळी चनबसप्पा बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग त्यांनी स्टेपनी काढली. घरात ठेवली असती तर अव्वांना दिसली असती. दुकानात ठेवली असती तर अव्वांना कळली असती. ते चाक घरंगळत बोळापलीकडे घेऊन गेले.

"रुद्रण्णा, एवढं उद्याच्या दिवस ठेव. कुणाला बोलू नको."

रुद्रप्पांनी चाकाकडे बघितलं, मग चनबसप्पांकडे बघितलं, आणि एक डोळा बारीक केला. "ठेवतो की. न्हाणीत ठेवतो. तिथं कोण बघायला येतंय?"

सोमवारी सकाळी दूध वेळेवर पोचलं. कॅन उतरले. कुंडलिकशेजारी बसून चनबसप्पा रिकामा टेंपो घेऊन परत निघाले, तीन चाकांवर, शीळ घालत. सात रस्त्याच्या पुढे फट्‌ असा आवाज झाला आणि टेंपो डावीकडे बसला.

कुंडलिकने उतरून बघितलं. "मालक, पंक्चर. स्टेपनी कुटं हाय?"

"रुद्रप्पाच्या न्हाणीत."

 कुंडलिकने खिशातला परवाना काढून मालकांच्या हातात दिला. चनबसप्पांनी तो त्याला परत दिला, त्याला स्टिअरिंगवर बसवलं, कोट काढला आणि टेंपोला खांदा लावला. पार्क चौकाच्या अलीकडे ओळखीचे लोक थांबू लागले. "दोन वर्षं झाली, अजून चालू झाला नाही का हो?" कुणीतरी विचारलं.

गॅरेजच्या दारात लाडलेसाब मिस्त्री उभे होते. त्यांनी बसलेल्या टायरकडे बघितलं. रिकाम्या स्टेपनीच्या जागेकडे बघितलं. मग पाना खाली ठेवला आणि अदबीने विचारलं, "सेठ, आज बी सोमवार है क्या?"

पंक्चर म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मग स्टेपनी कुठे गेली हे सांगावं लागलं असतं, आणि न्हाणीची गोष्ट दुपारपर्यंत नव्या पेठेत पोचली असती.

"हो," चनबसप्पा म्हणाले. "सोमवारच आहे." आणि ते बाळीवेशीकडे टेंपो ढकलू लागले.